तीन आठवड्यांचा परदेश कुणाच्या वाट्याला?

महाराष्ट्रात 'परदेशी शिक्षण' म्हटलं की दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक, बँकेचं चाळीस लाखांचं कर्ज, गहाण टाकलेला फ्लॅट आणि विमानतळावर पेढे भरवणारे नातेवाईक. दुसरं, सरकारी शिष्यवृत्ती मिळवून लंडनला निघालेल्या मुलाची पेपरातली बातमी. मथळा ठरलेला असतो, 'मजुराच्या मुलाची गगनभरारी'. पहिल्या चित्रात पैसा आहे. दुसऱ्यात असामान्य बुद्धी आहे आणि तिच्याहून असामान्य चिकाटी आहे. ज्याच्याकडे पैसा नाही आणि जो असामान्यही नाही, नुसता बरा आहे, पासष्ट टक्केवाला आहे, तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करतोय, त्याच्यासाठी तिसरं चित्रच नाही.

मला त्या तिसऱ्या चित्रासाठी भांडायचंय. कॉलेजात असतानाच तीन ते आठ आठवडे परदेशात जाऊन एखादा विषय शिकून परत यायचं. पदवी इथलीच, परीक्षा इथलीच, खर्च सरकारचा. ही चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी शेवटपर्यंत वाचावं, आणि ज्यांना यात काय विशेष असं वाटतं त्यांनी तर नक्कीच वाचावं. कारण ही गोष्ट आजही घडतेच आहे, फक्त ती विकत घ्यावी लागते.

विकत मिळणारा आत्मविश्वास

मी परभणी जिल्ह्यातला. फ्रीशिपवर इंजिनिअरिंग केलं. आमच्या कॉलेजात २०१७ साली दहा दिवसांचा सिंगापूर दौरा निघाला होता. नाव भारदस्त होतं, 'इंटरनॅशनल इमर्शन प्रोग्रॅम'. फी होती १ लाख १० हजार रुपये. माझं खोलीभाडं, मेस आणि सुट्टीत घरी जायचं एसटीचं तिकीट असा सगळा खर्च धरला तरी वर्षाला तेवढा होत नव्हता. आमच्या वर्गातले नऊ जण गेले. नऊच्या नऊ जणांकडे आधीपासून पासपोर्ट होता. उरलेल्या पन्नासएक जणांपैकी कितीजणांकडे तो होता, हे विचारायचं कुणाला सुचलंही नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

ते दहा दिवस काय शिकले, हा वेगळा विषय. त्यांच्या रेझ्युमेवर मात्र एक ओळ वाढली. आता मी स्वतः कंपनीत नव्या मुलांच्या मुलाखती घेतो, तेव्हा त्या ओळीची किंमत कळते. 'इंटरनॅशनल एक्स्पोजर' असं लिहिलेलं दिसलं की पॅनेलवरच्या माणसांचा चेहरा जरा सैल होतो. पोरगं परदेशी क्लायंटसमोर बोलू शकेल, असं ती गृहीत धरतात. दुसऱ्या पोरानं लिहिलेलं असतं की 'गावात पाणलोटाचं सर्वेक्षण केलं'. हे काम सिंगापूरच्या दहा दिवसांपेक्षा दहापट अवघड असतं. पण त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. म्हणजे आधी पैसे असणाऱ्याला अनुभव विकायचा, मग तो अनुभव गुणवत्ता म्हणून मोजायचा. या व्यवहाराला आपण मेरिट म्हणतो.

मला कंपनीनं पहिल्यांदा बाहेर पाठवलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. तीन आठवडे नेदरलँड्समध्ये. तिथली दोनच निरीक्षणं सांगतो. पहिलं, एका मीटिंगमध्ये इंटर्नशिपला आलेली वीस वर्षांची मुलगी विभागप्रमुखाला म्हणाली, 'हे चुकीचं वाटतंय मला.' आणि तो म्हणाला, 'दाखव.' दुसरं, तीन आठवड्यांत एकाही माणसानं माझं आडनाव ऐकून 'म्हणजे कुठले तुम्ही?' असं विचारलं नाही. तो प्रश्न आणि त्यामागचा खरा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर ऐकलाय, त्यांना या वाक्याचा अर्थ फोडून सांगायला नको. तिकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. कातडीचा रंग तिथंही बघतात, तेही मी पाहिलं. पण आपल्याकडे जे 'असंच असतं' म्हणून सांगितलं जातं, ते सगळीकडे तसं नसतं, ही माहिती फार मोठी आहे. ती पुस्तकात वाचून पुरत नाही. आणि ती सव्विसाव्या वर्षापेक्षा एकोणिसाव्या वर्षी मिळाली, तर माणूस पुढचे निर्णय वेगळे घेतो.

७५ जागा आणि ४५ लाख विद्यार्थी

सरकार काहीच करत नाही, असं नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातले दरवर्षी ७५ विद्यार्थी उच्चशिक्षणासाठी बाहेर जाऊ शकतात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, त्याही साऱ्या देशासाठी. २०२५ साली या योजनेत १०६ जणांची निवड झाली. पण सुरुवातीला तात्पुरती मंजुरीपत्रं मिळाली फक्त ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं गेलं की निधी उपलब्ध झाला तर बघू. विद्यापीठाचा प्रवेश हातात घेऊन 'निधी झाला तर' या तीन शब्दांवर जगणं काय असतं, ते ज्यांनी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीची वाट पाहिलीय त्यांना विचारा.

या शिष्यवृत्त्या अत्यंत गरजेच्या आहेत. त्यांचा इतिहासही आपल्याला माहीत आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या तीन वर्षांनी या देशाला काय दिलं, हे सांगायची गरज नाही. म्हणून आधीच ठणकावून सांगतो. अल्पमुदतीच्या योजनेचं निमित्त करून कुणी त्या ७५ किंवा १२५ जागांना हात लावायला निघालं, तर मी त्याच्या विरोधात उभा असेन. एक भाकरी दोघांत वाटून द्या, असं मी म्हणत नाही. दुसरी भाकरी भाजा, असं म्हणतोय.

कारण हिशेब साधा आहे. उच्चशिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ साली महाराष्ट्रात सुमारे ४५ लाख विद्यार्थी उच्चशिक्षण घेत होते. दोन वर्षांची परदेशी पदवी त्यातल्या मूठभरांनाच मिळणार, कितीही जागा वाढवल्या तरी. शिवाय अनेकांना ती नकोच असते, किंवा परवडत नाही. परवडण्याचा प्रश्न फक्त फीचा नसतो. संध्याकाळी डिलिव्हरीचं काम करून घरी पैसे पाठवणारा मुलगा दोन वर्षं घराबाहेर राहू शकत नाही. 'पदवी झाली की स्थळं बघू' असं ठरलेल्या घरातली मुलगी दोन वर्षांची परवानगी मागायलाच जात नाही. पण तीन आठवडे? कॉलेजच्या बाई बरोबर आहेत, पंधरा जणांचा गट आहे, सरकारचं पत्र आहे. ती परवानगी मिळू शकते. थोडक्यात, 'अल्पमुदत' ही इथं तडजोड नाहीच. या मुलांच्या आयुष्यात बसेल असं मापच ते आहे.

जगाला हे आधीच कळलंय

युरोपात १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज हा आकडा लाखोंमध्ये मोजला जातो. पण बरीच वर्षं तीही खात्यापित्या घरांतल्या मुलांची योजना म्हणूनच ओळखली जायची. सहा महिने बाहेर राहणं कष्टकरी घरातल्या, नोकरी करत शिकणाऱ्या, मूल असलेल्या किंवा अपंग विद्यार्थ्याला जमत नव्हतं. म्हणून २०२१ नंतरच्या आराखड्यात ५ ते ३० दिवसांच्या अल्पमुदतीच्या वाऱ्यांना जागा दिली गेली आणि कमी संधी मिळालेल्यांना वरचा भत्ता ठेवला.

अमेरिकेनं तर २००० साली त्यासाठी कायदाच केला. त्यातून बेंजामिन गिलमन यांच्या नावाची शिष्यवृत्ती आली. तिची अट उलटी आहे. ज्या पदवी विद्यार्थ्याला गरिबीच्या आधारावर मिळणारी 'पेल ग्रँट' ही सरकारी मदत मिळते, त्यालाच अर्ज करता येतो. रक्कम ५,००० डॉलरपर्यंत. दोन-तीन आठवड्यांचा कार्यक्रमही चालतो. म्हणजे गरिबी ही तिथं पात्रता आहे.

आणि लांब कशाला जाता? तमिळनाडूनं 'नान मुदलवन' या योजनेतून २०२४ साली अभियांत्रिकीच्या २५ विद्यार्थ्यांना इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात आठवडाभराच्या प्रशिक्षणाला पाठवलं. आपल्याकडे पुणे जिल्हा परिषदेनं आयुकाच्या मदतीनं परीक्षा घेतली आणि नासा बघायला जाण्यासाठी जिल्हा परिषद शाळांतल्या २५ मुलांची निवड केली. म्हणजे इच्छा असली की फाईल हलते.

आपल्या राज्याला अल्पमुदतीच्या परदेशवारीचं महत्त्व कळत नाही, असं तर अजिबात नाही. आमदारांचे परदेशी अभ्यास दौरे होतात. कृषी खात्याची शेतकऱ्यांना परदेशात अभ्यास दौऱ्यावर नेण्याची योजना आहे, तिच्यात खर्चाचा वाटा सरकार उचलतं. द्राक्ष उत्पादकानं इस्रायलचं ठिबक बघून यावं, हे सरकारला पटतं, मलाही पटतं. आमदारसाहेबांना आठ दिवसांत बाहेरून काहीतरी शिकता येतं आणि एकोणीस वर्षांच्या पोराला तीन आठवड्यांत येत नाही, हे मात्र मला कुणीतरी समजावून सांगा.

परदेश म्हणजे फक्त लंडन का?

'पैसे कुठून आणायचे?' या प्रश्नाकडे येतो. खर्चाचा आकडा फुगतो, कारण परदेश म्हटलं की आपल्याला युरोप-अमेरिकाच दिसते. त्या दोन खंडांपलीकडे जग आहे, आणि आपल्याला शिकायला ते जास्त उपयोगी आहे.

भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव घ्या. कोहळी समाजानं बांधलेली ही तळी शेकडो वर्षं धानाला पाणी देत आली. त्या भागातल्या सिव्हिलच्या विद्यार्थ्याला ती माहीत असतात, पण अभ्यासक्रमात नसतात. श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात, अनुराधपूरच्या आसपास, एकातून दुसऱ्यात पाणी सोडणाऱ्या गावतळ्यांच्या साखळ्या आहेत. २०१७ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेनं त्यांना जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. गोंदियाच्या पंधरा मुलांनी तीन आठवडे तिथं राहून त्या साखळीचा नकाशा काढला, गाळाचं आणि वाटपाचं गणित समजून घेतलं, तर परत येऊन ती स्वतःच्या गावातल्या तळ्याकडे कसं बघतील?

दुसरं उदाहरण. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सर्वांत आधी ज्यांना मिळाला त्यांत हे गाव आहे. नेपाळनं १९९३ च्या कायद्यानं जंगलं गावगटांकडे सोपवायला सुरुवात केली आणि आज तिथं असे २२ हजारांहून जास्त गट आहेत. गडचिरोलीतल्या आदिवासी मुलीनं हे बघायला जायला विमानही लागत नाही. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा. व्हिसा लागत नाही. तिला तिथं शिकण्यासारखं आहे आणि तिथल्या लोकांना सांगण्यासारखंही तिच्याकडे पुष्कळ आहे. लंडनच्या वर्गात ती श्रोता असेल. नेपाळच्या गावात ती जाणकार म्हणून बसेल.

आता आकडे. कुणी गट शेजारी जाईल, कुणी जपान-जर्मनीला जाईल. सरासरी माणशी दीड लाख धरू. २,००० विद्यार्थ्यांचे ३० कोटी होतात. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प साधारण ७ लाख कोटींचा. म्हणजे दर लाख रुपयांतले सव्वाचार रुपये. हा माझा कच्चा हिशेब आहे. तो दुप्पट चुकला तरी साडेआठ रुपये होतात.

'आधी मेसची आमटी घट्ट करा'

सगळ्यात सज्जन आक्षेप हा असतो. वसतिगृहात पंखे चालत नाहीत, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, आमटीत डाळ शोधावी लागते, आणि तू परदेशवाऱ्या मागतोस? मी ती आमटी चार वर्षं खाल्लीय. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म अडकवलेला पाहिलाय. त्यामुळे हा आक्षेप मला परका नाही. पण तो कुणाला ऐकवला जातो, ते बघा. पुण्या-मुंबईच्या खासगी विद्यापीठाला कुणी म्हणत नाही की, आधी तुमच्या कॅन्टीनचं बघा, मग सिंगापूरला जा. गरिबाच्या पोराला मात्र रांगेत उभं केलं जातं. आधी पोट, मग पंखा, मग पुस्तकं, मग जग. आणि रांग कधी पुढे सरकत नाही. आमटी घट्ट झालीच पाहिजे, तो हक्क आहे. ती घट्ट होईपर्यंत त्यानं नकाशा बघू नये, ही अट कोणत्या नियमात बसते?

दुसरा आक्षेप, की आता परदेशी विद्यापीठंच इकडे येतायत. २०२५ च्या जूनमध्ये पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईसाठी इरादापत्रं दिली गेली. येऊ देत. त्यांची फी कोण भरणार, हा प्रश्न सोडून देऊ. विद्यापीठ आलं तरी देश येत नाही. अनोळखी गावात रस्ता विचारणं, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जेवणं, आपली भाषा कुणालाच कळत नाही अशा बसमध्ये बसणं, हे नवी मुंबईत होत नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे 'ही तर सहल'. सहल होऊ शकते, नक्कीच. श्रेयांक नसतील, आधी तयारी नसेल, परतल्यावर काम नसेल, तर सहलच होईल. ते टाळायची सोय सरकारनंच करून ठेवलीय. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांकांची बँक आहे. तीन आठवड्यांच्या कामाचे तीन-चार श्रेयांक तिथं जमा करा. ते मिळवायला अहवाल लागेल, गावात किंवा कॉलेजात एक जाहीर सादरीकरण लागेल. मग कुणी सहल म्हणून दाखवावं.

योजना मारायची नसेल तर

आपल्याकडे योजना जाहीर होऊन मरतात, त्या अटींमुळे. म्हणून चार गोष्टी आधीच लिहून ठेवतो.

एक, पैसे आधी द्या. 'खर्च करा, बिलं जोडा, मग परतफेड' ही पद्धत ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी असते. ज्याच्या घरात एकगठ्ठा वीस हजार कधी आले नाहीत, त्याला परतफेडीची योजना म्हणजे नकारच.

दोन, पासपोर्ट कॉलेजात काढा. शुल्क १,५०० रुपये आहे, पण खरी अडचण कागदांची. आधारवर एक नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं, भाड्याच्या खोलीचा पत्ता तिसराच. मतदार नोंदणीची शिबिरं कॉलेजात होतात, तशी पासपोर्टचीही व्हावीत. शुल्क सरकारनं भरावं.

तीन, व्हिसाच्या कागदांची हमी घ्या. युरोपचा शेंगेन व्हिसा मागायला गेलात तर २०२४ च्या जूनपासून ९० युरो शुल्क, किमान ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा आणि वर बँकेचं स्टेटमेंट. घरातल्यांचं आयकर विवरणपत्रही दाखवावं लागतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात विवरणपत्र बहुधा नसतं. मजुराच्या घरात तर प्रश्नच नाही. अशा वेळी 'या विद्यार्थ्याचा सगळा खर्च राज्य शासन करत आहे' असं अधिकृत पत्र हवं, आणि त्या पत्रामागे फोन उचलणारा माणूस हवा.

चार, निवड फक्त टक्क्यांवर नको आणि जागतिक क्रमवारीतल्या विद्यापीठाची अट तर मुळीच नको. टक्क्यांवर निवड केली तर पुन्हा तेच असामान्य वर येतील, ज्यांच्यासाठी आधीच बातमीची जागा राखून ठेवलेली आहे. घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेला, पासपोर्ट नसलेला, सरकारी किंवा अनुदानित कॉलेजातला, अशांना आधी घ्या. निम्म्या जागा मुलींना द्या. गटाबरोबर त्याच कॉलेजातला एक शिक्षक पाठवा, कारण त्या शिक्षकालाही बहुतेक वेळा ही संधी कधी मिळालेली नसते.

सयाजीरावांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ते स्वतःही परदेशात भरपूर फिरले. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिल्यावर त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं, आणि संस्थानातल्या गावागावांत मोफत वाचनालयं निघाली. राजा बाहेर जाऊन आला आणि रयतेला वाचायला मिळालं. ते संस्थान होतं, तिथं एका माणसाचे डोळे उघडणं पुरलं. आता लोकशाही आहे. आता असे डोळे शेकड्यांनी, हजारांनी उघडायला हवेत, आणि त्यातले बरेचसे गोंदिया, गडचिरोली, परभणी, नंदुरबारचे असायला हवेत.

तुम्ही कॉलेजात असाल तर एक काम करा. उद्या वर्गात विचारा, पासपोर्ट कुणाकुणाकडे आहे? हात मोजा. मग ज्यांचे हात वर आले त्यांची घरं आठवा आणि ज्यांचे खाली राहिले त्यांची. तो आकडा कागदावर लिहून प्राचार्यांकडे द्या, तुमच्या आमदाराला पाठवा, विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागात नेऊन द्या. त्याखाली एकच प्रश्न लिहा, 'यांच्यासाठी काय?' आमदारसाहेब दौऱ्यावर असतील, तर ते परत आल्यावर पुन्हा विचारा.